पॉपल, पीएलडीआय, आयसीएफपी, स्प्लॅश: वर्कशॉप आणि ट्यूटोरियलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस या विषयातल्या चार मोठ्या कॉन्फरन्स एसीएम या संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सिगप्लॅन या गटातर्फे दरवर्षी होतात. पॉपल जानेवारीत, पीएलडीआय जूनमध्ये, आयसीएफपी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत केव्हातरी आणि स्प्लॅश ऑक्टोबरच्या आसपास. मुख्य कॉन्फरन्सबद्दल माहिती भरपूर मिळते. तिच्या आगेमागे जे वर्कशॉप आणि ट्यूटोरियलचे दिवस असतात, त्यांच्याबद्दल मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याला नीट कोणी सांगत नाही. हे पान त्यासाठी आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून, संशोधन संस्थांतून किंवा कंपन्यांतून जाणारा वाचक समोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

वर्कशॉप आणि मुख्य कॉन्फरन्स यांत नेमका फरक काय?

मुख्य कॉन्फरन्समध्ये पूर्ण झालेलं काम मांडलं जातं. पेपर वीस-पंचवीस पानांचा असतो, त्याची कसून छाननी होते आणि तो एसीएमच्या पीएसीएमपीएल या जर्नलमध्ये छापला जातो. पॉपल, आयसीएफपी आणि ऊप्सला (स्प्लॅशमधली मुख्य कॉन्फरन्स) २०१७ पासून या जर्नलमध्ये गेले, पीएलडीआय २०२३ पासून. वर्कशॉपमध्ये चालू असलेलं काम, फसलेला प्रयत्न, नवं टूल किंवा नुसता एखादा पटण्यासारखा मुद्दाही चालतो. श्रोते तीस ते ऐंशी, आणि त्यातले बरेचजण नेमक्या त्याच विषयात वर्षानुवर्षं राबलेले. तुमच्या कामातली चूक मुख्य कॉन्फरन्सच्या मोठ्या हॉलमध्ये कदाचित कोणाच्या लक्षात येणार नाही. वर्कशॉपमध्ये पहिल्या दहा मिनिटांत येईल, आणि तेच हवं असतं.

ट्यूटोरियल म्हणजे सरळ शिकवणी. एखादं टूल, भाषा किंवा तंत्र तयार करणारी माणसंच ते अर्ध्या किंवा पूर्ण दिवसात शिकवतात. त्यात पेपर नाही, छाननी नाही.

कुठे कोणती वर्कशॉप असतात?

यादी दरवर्षी थोडी बदलते, पण ठरलेली मंडळी आहेत. पॉपलबरोबर सीपीपी (प्रमाणित प्रोग्रॅम आणि सिद्धता), प्रोग्रॅम पडताळणीचं व्हीएमसीएआय, प्रोग्रॅममध्ये फेरफार करणाऱ्या तंत्रांचं पीईपीएम, डिक्लेरेटिव्ह भाषांचं पीएडीएल, रॉक हे सिद्धता तपासणारं टूल वापरणाऱ्यांचं रॉकपीएल (आधीचं कॉकपीएल), सुरक्षित कंपायलेशनवरचं प्रिस्क, प्रोबॅबिलिस्टिक प्रोग्रॅमिंगवरचं लाफी. आयसीएफपीबरोबर हॅस्केल सिम्पोझियम, हॅस्केल इम्प्लिमेंटर्स वर्कशॉप, ओकॅमल, एमएल, अर्लँग आणि स्कीम या भाषांची आपापली वर्कशॉप, टाइपांवरचं टायडी. फार्म नावाचं एक वर्कशॉप फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधून संगीत आणि चित्रं करणाऱ्यांचं आहे. त्याच्या संध्याकाळी प्रत्यक्ष मैफल होते. कोड लिहीत लिहीत वाजवणं ऐकायचं असेल तर ती चुकवू नका. पीएलडीआयबरोबर प्रोग्रॅम अ‍ॅनालिसिसचं सोप, ई-ग्राफ ही डेटा रचना वापरणाऱ्यांचं ईग्राफ्स, मेमरी व्यवस्थापनाचं आयएसएमएम, एम्बेडेड प्रणालींचं एलसीटीईएस. स्प्लॅशबरोबर व्हर्च्युअल मशीनचं व्हीएमआयएल, थेट चालवत प्रोग्रॅम लिहिण्याचं लाइव्ह, प्रोग्रॅमिंगच्या मानवी बाजूचं हाट्रा; कोड तयार करणाऱ्या प्रोग्रॅमचं जीपीसीई आणि भाषा घडवण्याचं एसएलई हीही काही वर्षं तिथेच होत.

यातली काही नावालाच 'बरोबरची' आहेत, प्रत्यक्षात स्वतंत्र कॉन्फरन्स आहेत. सीपीपीला बारा पानांपर्यंतचा पूर्ण पेपर लागतो आणि त्याची छाननीही तशीच कडक. व्हीएमसीएआयचे पेपर श्प्रिंगरच्या मालिकेत निघतात. आठवड्याच्या वेळापत्रकात सगळी नावं एकाच रांगेत दिसतात म्हणून सगळ्यांची पातळी किंवा नियम एक समजू नका.

वर्कशॉपमध्ये काम मांडलं की ते पुढे मोठ्या कॉन्फरन्सला देता येत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. सगळं अवलंबून आहे एका ओळीवर, आणि ती ओळ वर्कशॉपच्या कॉल फॉर पेपर्समध्ये (पेपर मागवणाऱ्या सूचनेत) असते: प्रोसीडिंग्ज (पेपरांचा प्रकाशित संग्रह) निघणार की नाही.

ओकॅमल वर्कशॉप, हॅस्केल इम्प्लिमेंटर्स, रॉकपीएल अशा ठिकाणी साधारण दोन-तीन पानांचा गोषवारा मागतात. तो वर्कशॉपच्या संकेतस्थळावर ठेवला जातो किंवा तेवढाही ठेवला जात नाही. याला प्रकाशन समजत नाहीत. तेच काम वाढवून पूर्ण पेपर म्हणून पाठवायला मोकळीक असते, आणि हाच त्याचा खरा उपयोग आहे. जानेवारीत पॉपलच्या वर्कशॉपमध्ये मांडलं, प्रश्न आले, उणिवा कळल्या, की पुढच्या पॉपलची मुदत जुलैत असते. हातात सहा महिने मिळतात. स्प्लॅशला मांडलेलं काम पीएलडीआयच्या नोव्हेंबरच्या मुदतीला गाठायचं म्हटलं तर वेळ फार कमी पडतो. आयसीएफपीची फेब्रुवारीअखेरची मुदत त्याला जास्त जुळते.

जिथे एसीएमच्या डिजिटल लायब्ररीत प्रोसीडिंग्ज निघतात, उदाहरणार्थ हॅस्केल सिम्पोझियम किंवा पीईपीएम, तिथे तुमचा पेपर छापला गेला असं धरतात. पुढे द्यायचा तर त्यात भरीव नवं काम हवं आणि जुन्या पेपरचा उल्लेख हवा. काही वर्कशॉप दोन्ही पर्याय देतात: पूर्ण पेपर छापून, किंवा फक्त व्याख्यानाचा प्रस्ताव. पुढे मोठा पेपर करायचा असेल तर दुसरा पर्याय घ्या.

जानेवारी २०२६ पासून एसीएमची सगळी प्रकाशनं मुक्त प्रवेशाची झाली आहेत. म्हणजे छापणाऱ्या वर्कशॉपमध्ये पेपर गेला आणि तुमची संस्था 'एसीएम ओपन' योजनेत नसेल, तर लेखकाला शुल्क लागू शकतं. पेपर पाठवण्याआधीच संस्थेच्या ग्रंथपालांना विचारा. स्वीकृती आल्यावर विचारलं तर धावपळ होते. नुसत्या गोषवाऱ्याच्या वर्कशॉपला हा प्रश्नच येत नाही.

नावं झाकून छाननी होते, मग वर्कशॉपमध्ये बोललो तर ओळख उघड होणार नाही का?

होईल, आणि ते चालतं. सिगप्लॅनच्या कॉन्फरन्समध्ये नावं झाकण्याचा नियम सौम्य आहे. व्याख्यान द्यायला, आर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर पेपर ठेवायला बंदी नाही. छाननी समितीतल्या माणसाला गाठून 'तो पेपर माझा बरं का' असं सुचवणं तेवढं टाळायचं.

दोन पानांच्या गोषवाऱ्यात काय लिहायचं?

इथे सगळ्यात जास्त सबमिशन फसतात, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने: लेखक वीस पानांचा पेपर दाबून दोन पानांत कोंबतो. पार्श्वभूमीत दीड पान जातं, स्वतःचं काम शेवटच्या परिच्छेदात उरतं. छाननी करणाऱ्याला हॅस्केल किंवा रॉक काय आहे हे सांगायची गरज नाही, तो त्याच वर्कशॉपचा माणूस आहे.

पहिल्या परिच्छेदात अडचण सांगा, तीही एका लहान उदाहरणासकट. सहा-आठ ओळींचा कोड, जो आज नीट चालत नाही, किंवा सिद्ध करता येत नाही, किंवा फार हळू चालतो. पुढचं जवळपास एक पान तुमची कल्पना त्याच उदाहरणावर चालवून दाखवा. मग काय झालं आहे आणि काय बाकी आहे हे स्पष्ट लिहा. 'प्रोटोटाइप चालतो, पण म्युच्युअल रिकर्शन हाताळत नाही' असं वाक्य लिहायला लाजू नका. या वाक्यामुळे गोषवारा नाकारला जात नाही, उलट चर्चेला धागा मिळतो. शेवटी श्रोत्यांकडून तुम्हाला काय हवं आहे ते एका वाक्यात. हे फार थोडे लोक लिहितात आणि छाननी समितीला ते आवडतं.

फॉरमॅट बहुधा एसीएमचा 'एसीएमआर्ट' लेटेक क्लास, दोन स्तंभांचा 'सिगप्लॅन' पर्याय. पीएसीएमपीएलचा एक स्तंभी पर्याय निवडला तर पानांचा हिशेब चुकतो. संदर्भसूची पानांच्या मर्यादेत धरतात की नाही, तेही कॉलमध्ये पाहा.

डेडलाइनपुढे 'एओई' लिहिलेलं असतं. म्हणजे भारतात किती वाजता?

पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत, असा त्याचा अर्थ. हिशेब यूटीसीच्या बारा तास मागचा. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून एकूण फरक साडेसतरा तासांचा. १५ तारखेची रात्री ११:५९ एओई म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची संध्याकाळ, ५ वाजून २९ मिनिटं. पण आदल्या संध्याकाळीच एक कच्ची प्रत हॉटसीआरपीवर (पेपर पाठवायच्या संकेतस्थळावर) चढवून ठेवा. मुदत संपेपर्यंत ती कितीही वेळा बदलता येते. हॉटसीआरपीत 'सबमिशन छाननीसाठी तयार आहे' ही खूण करायची राहिली तर पीडीएफ चढवलेली असूनही ती मसुदा म्हणूनच पडून राहते. हे दर मोसमात कोणाचं ना कोणाचं होतं.

निकाल लागल्यावर व्हिसाला वेळ पुरतो का?

बऱ्याचदा पुरत नाही. मुख्य कॉन्फरन्सचे निकाल काही महिने आधी लागतात. वर्कशॉपचे लागतात सहा ते दहा आठवडे आधी. पॉपलच्या वर्कशॉपचं उदाहरण घ्या: गोषवारा ऑक्टोबरात, निकाल नोव्हेंबरात, कॉन्फरन्स जानेवारीच्या मध्याला, आणि मध्ये नाताळची सुटी.

शेंगेनसाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. नियमाने निर्णय पंधरा दिवसांत, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मुंबईत किंवा पुण्यात व्हीएफएसची (व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राची) भेटीची वेळ मिळणं हीच खरी अडचण, कारण नाताळच्या तोंडावर पर्यटकांची गर्दी असते. म्हणून क्रम उलटा ठेवा. गोषवारा पाठवला त्याच आठवड्यात भेटीची वेळ पाहून ठेवा आणि निकालाची वाट न पाहता बाकी कागद जमवा: पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला, तीस हजार युरोंचं विमा संरक्षण, बँकेचे कागद, संस्थेचं रजेचं पत्र. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे मुक्काम सर्वात जास्त आहे. विमान पॅरिसला उतरतं म्हणून फ्रान्सकडे नव्हे. गेल्या ५९ महिन्यांत बोटांचे ठसे दिले असतील तर ते सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, अर्ज तीन महिने आधीपासून करता येतो. अमेरिकेचं गणित वेगळं. तिथे पहिल्यांदा बी-१/बी-२ काढणाऱ्याला मुंबईच्या बीकेसीमधल्या वकिलातीत मुलाखतीसाठी महिनोनमहिने थांबावं लागू शकतं. अमेरिकेत कॉन्फरन्स आहे आणि तुमच्याकडे व्हिसा नाही, तर वर्कशॉपच्या निकालावर अवलंबून राहण्यात अर्थ नाही. श्रोता म्हणून जाण्याच्या उद्देशाने आधीच अर्ज करा.

एसीएमचं व्हिसासाठीचं पत्र मागितल्यावर मिळतं, आपोआप येत नाही. बहुधा नोंदणी झालेली असावी लागते किंवा पेपर स्वीकारलेला असावा लागतो. पत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे पेपरवर 'नाव आडनाव' आणि पासपोर्टवर 'नाव वडिलांचं नाव आडनाव' असं हमखास असतं. फॉर्म भरताना पासपोर्टप्रमाणेच भरा.

पैसे कुठून आणायचे?

विद्यार्थ्यांसाठी सिगप्लॅनचा पीएसी हा प्रवासखर्चासाठीचा निधी आहे. त्यासाठी सिगप्लॅनचं सदस्यत्व आणि वेळेवर अर्ज लागतो. हे पैसे बहुधा प्रवासानंतर, पावत्या पाहून मिळतात. म्हणजे विमानाचं तिकीट आधी तुमच्याच खिशातून. बोर्डिंग पास आणि हॉटेलची बिलं जपून ठेवा. भारतात एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस (भारतातली संगणकशास्त्र संशोधनाची संघटना) यांचं प्रवास अनुदान आहे, एएनआरएफ या सरकारी संशोधन निधी संस्थेची परदेश प्रवास योजना आहे. भारतातल्या योजनांच्या अटी नीट वाचा, कारण काही ठिकाणी मुख्य कॉन्फरन्सचा पूर्ण पेपरच धरतात, वर्कशॉपचा गोषवारा नाही.

स्टुडंट व्हॉलंटियर हा दुसरा मार्ग. आठवडाभरात काही तास काम करायचं: नोंदणीचं टेबल, माइक फिरवणं, हॉलमधलं रेकॉर्डिंग सांभाळणं. त्याबदल्यात नोंदणी शुल्क माफ. प्रवास आणि राहणं मात्र आपलं. ओळखी होण्याच्या दृष्टीने हा मार्ग अनुदानापेक्षाही बरा, कारण माइक घेऊन जाणाऱ्याशी सगळेच बोलतात.

पीएलएमडब्ल्यू काय आहे?

मार्गदर्शनाचं वर्कशॉप. २०१२ च्या पॉपलपासून सुरू झालं आणि आता चारही कॉन्फरन्सबरोबर होतं. पदवीच्या शेवटच्या वर्षांतल्या आणि पीएचडीच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांसाठी. पेपर लागत नाही. दिवसभर संशोधन कसं करावं, पेपर कसा वाचावा, पीएचडीत काय काय बिघडतं अशा विषयांवर नामवंत लोक बोलतात. निवडलेल्यांना शिष्यवृत्ती मिळते. त्यात नोंदणी आणि प्रवास-मुक्कामाचा काही किंवा बराच भाग येतो.

अर्जात थोडक्यात उत्तरं, बायोडेटा आणि बहुधा प्राध्यापकांचं शिफारसपत्र असतं. पत्र प्राध्यापकांनी स्वतः पाठवायचं असतं आणि ते मुदतीत पोचलं नाही तर चांगला अर्जही बाजूला पडतो. 'सर, मेल पाठवली का?' हे विचारायला संकोच करू नका, दोनदा विचारा. 'मला कंपायलरमध्ये रस आहे' इतकंच लिहू नका. कोणता प्रश्न छळतो आहे, त्यावर काय करून पाहिलं, हे लिहा. मुंबई विद्यापीठाच्या एखाद्या संलग्न कॉलेजातला विद्यार्थीही यात निवडला जाऊ शकतो. संस्थेचं नाव मोठं असण्याची अट नाही.

स्टुडंट रिसर्च कॉम्पिटिशन वर्कशॉपच्या ऐवजी द्यावी का?

ऐवजी कशाला, दोन्ही देता येतं. पदवी आणि पदव्युत्तर असे दोन गट, आधी गोषवारा, मग पोस्टर, मग निवडलेल्यांचं छोटं व्याख्यान. प्रत्येक गटात बक्षिसं ५००, ३०० आणि २०० डॉलर. एसीएमचं विद्यार्थी सदस्यत्व हवं, आणि काम एकट्याचं म्हणून मांडायचं.

नोंदणीचे पैसे भरताना कार्ड नाकारलं जातं.

मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करा आणि मर्यादा वाढवा. हे अर्ली रजिस्ट्रेशनच्या शेवटच्या रात्री करू नका, काही बँका बदल लागू व्हायला वेळ घेतात. नोंदणीत दिवस नीट निवडा: वर्कशॉपचे दिवस आणि मुख्य कॉन्फरन्स यांचं शुल्क बहुधा वेगवेगळं असतं, आणि वक्त्यालाही शुल्क लागतं. 'मी बोलणार आहे, मग पैसे कसले?' हा प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर तेच राहतं.

एका वर्कशॉपची नोंदणी करून दुसऱ्यात बसता येतं का?

त्या दिवसाची नोंदणी असेल तर बहुधा हो. कॉफीच्या वेळा मुद्दाम जुळवलेल्या असतात.

व्याख्यानासाठी काय तयारी लागते?

बहुतेक ठिकाणी वीस मिनिटं बोलणं आणि पाच मिनिटं प्रश्न. दिवसाचा साचा ठरलेला: ९ ते १०:३०, अर्धा तास कॉफी, ११ ते १२:३०, जेवण, २ ते ३:३०, पुन्हा कॉफी, ४ ते ५:३०. एकाने पाच मिनिटं जास्त घेतली की पुढच्याच्या प्रश्नांचा वेळ जातो, म्हणून सत्राध्यक्ष कडक असतात.

एका स्लाइडवर बारा-पंधरा ओळींहून जास्त कोड नको, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. गडद पार्श्वभूमीवरचा रंगीत कोड लॅपटॉपवर देखणा दिसतो आणि पडदे न ओढलेल्या हॉलमध्ये पुसला जातो. पांढऱ्यावर काळं ठेवा. थेट डेमो करणार असाल तर त्याचं रेकॉर्डिंगही बरोबर ठेवा. एचडीएमआयचा अ‍ॅडॉप्टर स्वतःचा न्या, आणि पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर.

आपले दोन बारीक गोल पिनांचे चार्जर युरोपात बहुधा चालतात. तीन पिनांचे चालत नाहीत. ब्रिटन आणि सिंगापूरला चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो, अमेरिकेला चपट्या पिनांचा.

ट्यूटोरियलला जाताना आधी काय करायचं?

टूल घरीच बसवून घ्या. ट्यूटोरियलच्या पानावर सूचना आठवडाभर आधी येतात, तरी निम्मे लोक हॉलमध्ये येऊन सुरुवात करतात. लीन या सिद्धता लिहायच्या भाषेत मॅथलिब ही गणिताची लायब्ररी लागणार असेल तर तयार फाइलींचा कॅश आधी उतरवा. तो न उतरवता बांधायला घेतलं तर काही तास जातात. ओकॅमल किंवा रॉक असेल तर ओपॅम या पॅकेज मॅनेजरमध्ये वेगळा स्विच (स्वतंत्र संच) करा, नाहीतर तुमच्या चालू प्रोजेक्टच्या आवृत्त्या बिघडतील.

आम्हाला ट्यूटोरियल द्यायचं आहे. प्रस्ताव कसा लिहावा आणि काय बिघडतं?

प्रस्ताव दोन-तीन पानांचा असतो आणि सहसा कॉन्फरन्सच्या काही महिने आधी मागवतात. त्यात विषय, शिकवणारे, श्रोत्यांना आधी काय यायला हवं, शेवटी त्यांना काय करता येईल, आणि मिनिटांचा आराखडा. निवड करणारे आराखडाच आधी पाहतात. 'टाइप सिस्टिमची ओळख, ९० मिनिटं' असं लिहिलेलं दिसलं की शिकवणाऱ्याने अजून विचार केलेला नाही हे कळतं.

अर्ध्या दिवसाच्या ट्यूटोरियलला दीड दीड तासाची दोन सत्रं मिळतात. पहिल्या सत्रात वीस मिनिटांच्या आत लोकांचे हात कीबोर्डवर गेले पाहिजेत. एक चालणारं सराव-उदाहरण १५ मिनिटांचं, त्यावर चर्चा १० मिनिटं, मग पुढची कल्पना. एका सत्रात असे दोन फेरे होतात, तीन होत नाहीत. तीन आखले तर दुसऱ्या सत्रातला गाभ्याचा भाग घाईत जातो. प्रत्येक सरावाची अर्धी सोडवलेली आणि पूर्ण सोडवलेली फाइल तयार ठेवा, म्हणजे मागे पडलेला माणूस पुढच्या फेऱ्याला पुन्हा गाडीत बसतो. पंधरा-वीस श्रोत्यांमागे एक मदतनीस हवा. एकट्याने शिकवणं आणि खुर्च्यांमधून फिरून अडचणी सोडवणं जमत नाही.

आता वायफायचा हिशेब. ४० जण, प्रत्येकाला ३ जीबीची डॉकर इमेज (टूल आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली फाइल): एकूण १२० जीबी. हॉलला प्रत्यक्षात १०० एमबीपीएस मिळालं असं धरा. नुसतं उतरवायलाच दोन तास चाळीस मिनिटं. म्हणजे ट्यूटोरियल संपलं. म्हणून इमेज लहान करा, आधी कळवा, चार-पाच पेनड्राइव्हवर ठेवा, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा पर्याय द्या. लीनचा वेब एडिटर, ब्राउझरमधला रॉक म्हणजे जेएसकॉक किंवा गिटहब कोडस्पेसेस यांनी पन्नास टक्के रडगाणी संपतात.

डॉकरची दुसरी खोड: तुम्ही इंटेलच्या मशीनवर बांधलेली इमेज श्रोत्याच्या अ‍ॅपल सिलिकॉनवर इम्युलेशनमध्ये चालते, म्हणजे रांगते, आणि कधी एसएमटी सॉल्व्हर (तर्काची सूत्रं आपोआप तपासणारा प्रोग्रॅम) मध्येच मरतो. डॉकरच्या बिल्डएक्सने दोन्ही आर्किटेक्चरसाठी बांधा आणि दोन्हींवर स्वतः चालवून पाहा. टूलच्या आवृत्त्या गोठवून ठेवा. कॉकचं नाव बदलून रॉक झालं आणि मार्च २०२५ मध्ये ९.० आवृत्ती आली, तेव्हा 'सगळ्यात नवी आवृत्ती घ्या' एवढंच लिहिलेल्या जुन्या सूचना अडखळू लागल्या.

नवं वर्कशॉप भरवायचं असेल तर?

प्रस्ताव कॉन्फरन्सच्या आठ-दहा महिने आधी मागवतात. आयसीएफपीसाठी म्हणजे आदल्या वर्षाच्या हिवाळ्यात. निवडणारे तीन गोष्टी बघतात: हा विषय आधीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मावत नाही का, येणारे लोक कोण, आणि आयोजक एकाच विद्यापीठाचे किंवा एकाच टोळक्यातले तर नाहीत ना. प्रोसीडिंग्ज हवी असतील तर वेळापत्रक आणखी मागे सरकतं, कारण एसीएमला अंतिम प्रती काही आठवडे आधी लागतात. पहिल्या वर्षी गोषवाऱ्यांवरच भागवा असा आमचा सल्ला.

दिवसाचं गणित असं बसतं. नव्वद मिनिटांची चार सत्रं, एकूण ३६० मिनिटं. प्रमुख व्याख्यानाला ६०, खुल्या चर्चेला ५०. उरली २५०, म्हणजे २५ मिनिटांची दहा व्याख्यानं. समजा १८ सबमिशन आली. प्रत्येकाला तीन परीक्षणं म्हणजे ५४, आणि नऊ जणांच्या समितीत माणशी सहा. दोन पानांच्या गोषवाऱ्याला इतकं झेपतं. चर्चेचे ५० कापून दोन व्याख्यानं वाढवायचा मोह होतो. तो आवरा, लोक त्या पन्नास मिनिटांसाठी आलेले असतात.

खोली, प्रोजेक्टर आणि कॉफी कॉन्फरन्सकडून मिळते. प्रमुख वक्त्याच्या विमानाचे पैसे मिळतील असं धरू नका. म्हणूनच बहुतेक आयोजक अशाच माणसाला बोलावतात जो त्या आठवड्यात तिथे येणारच आहे.

शाकाहारी जेवणाचं काय?

नोंदणीच्या फॉर्ममध्ये नुसतं 'व्हेजिटेरियन' निवडलं तर अंडं येतं, आणि काही देशांत मासाही शाकाहारात धरल्याचं आढळतं. अंडं चालत नसेल तर 'व्हीगन' निवडणं सोपं पडतं. कांदा-लसूण किंवा जैन पथ्य असेल तर ते इंग्रजीत फोडून लिहा, 'जैन' या शब्दावरून तिकडच्या स्वयंपाक्याला काही कळत नाही. तरी दशमी, चिवडा जवळ असलेला बरा. मात्र दूध किंवा तूप असलेले पदार्थ युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये प्रवाशांना नेता येत नाहीत, म्हणून दुधातली दशमी आणि तुपातले लाडू घरीच ठेवा.

जाणं जमलं नाही तर घरून काय पाहता येतं?

सिगप्लॅनच्या यूट्यूब वाहिनीवर मुख्य कॉन्फरन्सची आणि बऱ्याच वर्कशॉपची रेकॉर्डिंग असतात, काही थेटही दिसतात. युरोपात हिवाळ्यात सकाळी नऊला सुरू होणारं सत्र आपल्याकडे दुपारी दीडला लागतं, लंडनचं अडीचला. डेन्व्हरचं रात्री साडेनऊला. ट्यूटोरियलांची रेकॉर्डिंग कमी मिळतात, पण सरावाच्या फाइली गिटहबवर राहतात आणि त्या सोडवून पाहण्यात जास्त फायदा आहे.

भारतात असं काही होतं का?

२०१५ चं पॉपल मुंबईत झालं होतं, १५ ते १७ जानेवारीला. सीपीपी, व्हीएमसीएआय, पीईपीएम हे सगळं त्याच आठवड्यात मुंबईत होतं, आणि कॉकपीएल हे वर्कशॉप पहिल्यांदा भरलं तेही तिथेच. दरवर्षीसाठी म्हणाल तर डिसेंबरातली एफएसटीटीसीएस ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची कॉन्फरन्स. तिच्या आगेमागे एक-दोन दिवसांची वर्कशॉप असतात, व्हेरिफिकेशन आणि लॉजिकची बरीच. शुल्क परदेशी कॉन्फरन्सच्या मानाने अगदी कमी आणि व्हिसाची भानगड नाही. पहिलं व्याख्यान कुठे द्यावं असं विचाराल तर आधी तिथे पाहा.